वॉर्डातला तरुण डॉक्टर आपल्यालाही घडवायचा आहे

सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात आपलं माणूस दाखल केलं की पहिल्या रात्री जो डॉक्टर भेटतो, तो बहुधा पंचविशी-सत्ताविशीचा असतो. केस पेपर तोच लिहितो, रक्त तोच काढतो, सलाइन लावतो, एक्स-रे उजेडात धरून बघतो, वरिष्ठांना फोनवर सगळं सांगतो आणि पहाटे पुन्हा येऊन नाडी बघून जातो. घरची माणसं मात्र एकमेकांना विचारत असतात, ‘मोठे डॉक्टर कधी येणार?’ आणि ती तरुणी असेल तर अनेकदा तिलाच विचारतात, ‘सिस्टर, डॉक्टर कुठे आहेत?’

हा किंवा ही निवासी डॉक्टर. एमबीबीएस पूर्ण करून नोंदणी झालेला पुरता डॉक्टर, आणि त्याच वेळी एमडी किंवा एमएसचा विद्यार्थी. मुंबईचं केईएम, जे.जे., सायन, पुण्याचं ससून, नागपूरचं मेडिकल आणि मेयो, संभाजीनगरची घाटी, कोल्हापूरचं सीपीआर, गोव्यातलं बांबोळी. यांतलं कुठलंही रुग्णालय रात्री चालतं ते या मुलामुलींच्या जिवावर. अशा रुग्णालयात मी बरीच वर्षं शिकवलं. शेकडो डॉक्टर घडताना पाहिले, काही मोडतानाही पाहिले. त्या अनुभवातून वाचकांपुढे काही विनंत्या ठेवतो आहे.

मूळ सांगणं एवढंच आहे. डॉक्टर घडण्याची सर्वांत मोलाची वर्षं आपल्याच माणसांच्या खाटेशी जातात. त्या काळात त्याला झोप मिळाली का, कुणी नीट शिकवलं का, लोक त्याच्याशी कसे वागले, हे पुढची तीस-पस्तीस वर्षं त्याच्या हातून होणाऱ्या प्रत्येक उपचारात उतरतं. आज घाबरत, शिव्या खात, पेंगत शिकलेला डॉक्टर उद्या तालुक्याच्या गावी आपल्या नातवंडांना तपासणार आहे. त्याला घडवण्याचं काम विद्यापीठाचं आहेच; पण त्यातला एक वाटा आपलाही आहे.

वाट किती लांबची

बारावीनंतर नीट. 2024 साली देशभरातून 23 लाखांहून अधिक मुलांनी ही परीक्षा दिली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाख-सव्वा लाखाच्या दरम्यान. प्रवेश मिळाला तर साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यावर वर्षभराची सक्तीची इंटर्नशिप. अठराव्या वर्षी आत गेलेली मुलगी चोविसाव्या वर्षी डॉक्टर होते. शासकीय महाविद्यालयात शिकलेल्यांना राज्यात वर्षभर बंधपत्रित सेवाही द्यावी लागते.

पुढे नीट-पीजी. एमबीबीएसचे एकोणीस विषय एका परीक्षेत, 200 प्रश्न आणि 800 गुण. इथल्या क्रमांकावर ठरतं की हा मुलगा मुलांचा डॉक्टर होणार, भूलतज्ज्ञ होणार की हाडांचा सर्जन. हवी ती शाखा मिळावी म्हणून कित्येक जण एक-दोन वर्षं पुन्हा अभ्यासात घालवतात. त्यानंतर एमडी किंवा एमएसची तीन वर्षं, म्हणजेच रेसिडेन्सी. हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांसारख्या विषयात जायचं तर डीएम किंवा एमसीएचची आणखी तीन. सोबतची मुलं नोकरीत स्थिरावून घर घेतात, तेव्हा हा वसतिगृहाच्या खोलीत थिसिसची टिपणं काढत असतो.

या वाटेवर एखादी परीक्षा अडली की त्याचा भार रुग्णांपर्यंत पोचतो. 2021 ची नीट-पीजी सप्टेंबरमध्ये झाली, पण प्रवेशप्रक्रिया न्यायालयात अडकली आणि जानेवारी 2022 मध्ये सुरू झाली. तेवढे महिने रुग्णालयांत नवी तुकडीच आली नाही. कोविडमध्ये दमलेल्या जुन्या निवासी डॉक्टरांनी त्यांचंही काम ओढलं. 2024 मध्ये 23 जूनची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. मुलं परगावच्या केंद्रांजवळ जाऊन उतरली होती. परीक्षा अखेर ऑगस्टमध्ये झाली. अशी बातमी वाचताना ‘विद्यार्थ्यांचा प्रश्न’ म्हणून पान उलटू नका. पुढच्या मोसमात वॉर्डात किती हात असतील, हे त्या बातमीत लिहिलेलं असतं.

इमर्जन्सीचा दिवस

शिकवणाऱ्या रुग्णालयांत प्रत्येक विभागाची युनिटं असतात. दर युनिटला आठवड्यात ओपीडीचा दिवस आणि इमर्जन्सीचा दिवस ठरलेला. इमर्जन्सीच्या दिवशी त्या विभागात जे जे रुग्ण दाखल होतील, ते सगळे त्या युनिटचे. सकाळी राउंड सुरू होतो. दुपार, रात्र, पहाट दाखल करून घेण्यात जाते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वरिष्ठांसमोर प्रत्येक रुग्णाची हकिगत उभी करायची असते. पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, ज्याला सगळे ‘जेआर वन’ म्हणतात, तो अशा वेळी तीस-तीस तासही सलग कामावर असतो.

नियम असे नाहीत. सलग काम सर्वसाधारणपणे 12 तासांपेक्षा आणि आठवड्याचं काम 48 तासांपेक्षा अधिक नसावं, असं केंद्र सरकारने 1992 सालीच लिहून ठेवलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमांत कामाचे तास वाजवी असावेत, पुरेशी विश्रांती मिळावी, आठवड्याची सुटी असावी, असं म्हटलं आहे. मात्र वाजवी म्हणजे किती, हे आकड्यात सांगितलेलं नाही आणि सुटीलाही कामाच्या निकडीची अट आहे. त्याच आयोगाने नेमलेल्या कार्यगटाने 2024 मध्ये आठवड्याला 74 तासांची मर्यादा सुचवली. आठवड्याचे 48 तास आणि 74 तास यांतलं अंतर पाहिलं की प्रत्यक्षात काय चालतं, ते कळतं.

एवढे तास लागतात, कारण डॉक्टरकी सोडून इतरही पुष्कळ कामं याच मुलांवर येऊन पडतात. वॉर्डात मामा, म्हणजे वॉर्डबॉय, कमी असतात, मग स्ट्रेचर हा ढकलतो. रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत हा पोचवतो, रिपोर्ट आणायला हा धावतो, रक्तपेढीत हा उभा राहतो. रुग्णालयातली परिचारिकांची, तंत्रज्ञांची, वॉर्डबॉयची पदं रिकामी राहिली की ती पोकळी विद्यार्थ्यांच्या झोपेतून भरली जाते. यात दोन नुकसानं आहेत. जागरणाने सुन्न झालेल्या डोक्याला औषधाची मात्रा मोजायची असते, त्यात चूक होऊ शकते. आणि दिवस नमुने वाहण्यात गेला, तर हृदयाचे ठोके ऐकून झडपेचा दोष ओळखायला हा शिकणार कधी?

अमेरिकेत या प्रश्नाला तोंड फुटलं ते एका रुग्णाच्या मृत्यूतून. मार्च 1984 मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांतच गेली. तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर होते. तिच्या वडिलांनी, जे वकील आणि पत्रकार होते, हा प्रश्न सोडला नाही: इतक्या लांब ड्यूट्या करणाऱ्या आणि पुरेशी देखरेख नसलेल्या शिकाऊ डॉक्टरांच्या हाती रुग्ण का सोपवता? 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला 80 तासांची आणि सलग 24 तासांची मर्यादा घातली. 2003 मध्ये 80 तासांची मर्यादा सगळ्या देशात लागू झाली. डॉक्टरांच्या विश्रांतीची मागणी तिथे एका रुग्णाच्या बापाने लावून धरली होती. आपल्याकडे रुग्णांची बाजू घेणाऱ्यांनीही हा मुद्दा आपला मानावा, असं मला वाटतं.

दाखल करताना एवढं करा

आता थेट तुमच्या हातातल्या गोष्टी सांगतो.

जुने कागद सोबत आणा. गावच्या डॉक्टरची चिठ्ठी, आधीचे रिपोर्ट, ईसीजी, सोनोग्राफी, चालू गोळ्यांची पाकिटं. सगळं एका पिशवीत. ‘एक पांढरी आणि एक गुलाबी गोळी चालू आहे’ यातून डॉक्टरला काही कळत नाही, पाकिटावरून लगेच कळतं. कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल, मधुमेह, दमा, फिट्स असतील, आधी कुठलं ऑपरेशन झालं असेल, तर न विचारता सांगा. दारू, तंबाखू, झाडपाल्याची औषधं, बाहेर घेतलेली इंजेक्शनं यातलं काही लपवू नका. डॉक्टर तुमची परीक्षा घेत नसतो; त्याला औषध ठरवायचं असतं.

बोलायला एक माणूस ठरवा. काका, मामा, मेहुणे, शेजारी सगळे तोच प्रश्न पाळीपाळीने विचारतात, तेव्हा त्या वेळात तपासायचा रुग्ण वाट बघत राहतो. एकाने डॉक्टरशी बोलावं, वहीत लिहून घ्यावं आणि बाकीच्यांना सांगावं. त्याच माणसाने विचारावं: काय झालं असावं असं वाटतं? आज काय करणार? कशाची वाट बघायची? कोणतं लक्षण दिसलं तर लगेच हाक मारायची? हे चार प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. संमतिपत्रावर सही करण्याआधी ते मराठीत समजावून मागा. समजलं नाही तर पुन्हा विचारा. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी सावध होतो आणि अधिक नीट बोलायला शिकतो.

नाव विचारा. ‘आपलं नाव काय डॉक्टर? आम्ही कोणत्या युनिटमध्ये आहोत? आपले सर किंवा मॅडम कोण?’ एवढं विचारलं तर पुढे कुणाकडे जायचं, ते कळतं. समोरची तरुणी डॉक्टर असेल तर तिला डॉक्टर म्हणा. परिचारिकांचं काम वेगळं आणि तितकंच मोलाचं आहे. पण अभ्यास करून मिळवलेली ओळख दिवसातून दहा वेळा नाकारली गेली तर कुणालाही लागतं.

तिथे शिकवलं जातं, हे मनाशी धरून चला. राउंडला वरिष्ठ येतात, आठ-दहा विद्यार्थी खाटेभोवती जमतात, एकाच पोटावर चार जण हात ठेवून बघतात. रुग्णाला त्रास होत असेल, संकोच वाटत असेल, तर ‘आता नको’ म्हणायचा अधिकार रुग्णाला आहे. तो मोकळेपणाने वापरा. पण सोसवत असेल तर परवानगी द्या. सुजलेली पानथरी हाताला कशी लागते, हे पुस्तकात वाचून येत नाही. आज तुमच्या आईच्या पोटावर हात ठेवून शिकलेली मुलगी उद्या दुसऱ्या कुणाच्या आईचं दुखणं वेळेत ओळखेल.

काळजी वाटली तर वरिष्ठांना बोलवायला सांगा. ‘डॉक्टर, आम्हाला भीती वाटते आहे, तुम्ही एकदा सरांशी बोलाल का?’ या वाक्यात कुणाचा अपमान नाही. उलट रात्री तीन वाजता सरांना उठवावं की नाही, अशा विचारात पडलेल्या पहिल्या वर्षाच्या डॉक्टरला त्याने धीर येतो. त्याऐवजी नगरसेवकाचा किंवा आमदाराच्या माणसाचा फोन लावून त्याच्या हातात दिलात तर त्याचं लक्ष रुग्णावरून उडतं. खाटा नसतील तर फोनने खाट तयार होत नाही. दुसऱ्या कुणाचा तरी रुग्ण खाली जमिनीवर जातो.

आणि रक्त द्या. तुमच्या माणसाला चढवलेली पिशवी कुणीतरी अनोळखी माणसाने दिलेली असते. रुग्ण घरी गेल्यावरही वर्षातून एक-दोनदा रक्तपेढीत जाऊन या. निवासी डॉक्टरच्या रात्रीच्या किती फेऱ्या त्याने वाचतील, हे तुम्हाला दिसणार नाही, पण वाचतील.

राग आला तर

मृत्यू झाला की घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. उशीर झाला, कुणी लक्ष दिलं नाही, असं वाटतं. कधी ते खरंही असतं. पण तो राग ज्याच्यावर निघतो, त्याच्या हातात बहुतेकदा काहीच नसतं.

मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात डोक्याला मार लागलेला एक अपघातग्रस्त आणला गेला. तिथे न्यूरोसर्जन नव्हता, म्हणून रुग्णाला दुसरीकडे न्या, असं तिथल्या अस्थिरोग विभागातल्या तरुण डॉक्टरने सांगितलं. जमावाने त्याला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, उच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं, रुग्णालयांत सुरक्षारक्षक नेमायचं ठरलं. पद रिकामं ठेवणारे त्या रात्री तिथे नव्हते. जो हजर होता, त्याला मार बसला.

महाराष्ट्रात 2010 पासून यासाठी वेगळा कायदा आहे. डॉक्टर, परिचारिका किंवा रुग्णालयातल्या कुठल्याही कर्मचाऱ्यावर हात उचलला तर गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि मोडतोडीच्या दुप्पट किंमत भरावी लागते. पण मी कायद्याच्या धाकापुरतं हे सांगत नाही. मारहाण झालेल्या वॉर्डात पुढचे कित्येक महिने डॉक्टर जोखमीचा रुग्ण हातात घ्यायला कचरतात. ‘पुढे न्या’ हा शब्द लवकर तोंडात येतो. त्या भीतीची किंमत पुढचा रुग्ण मोजतो.

तक्रार असेल तर ती जरूर करा, आणि लेखी करा. आधी युनिटप्रमुखांना भेटा, मग वैद्यकीय अधीक्षकांना किंवा अधिष्ठात्यांना अर्ज द्या आणि पोच घ्या. उपचाराची कागदपत्रं मागा. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत ती द्यायला हवीत. डॉक्टरच्या वागण्याबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाता येतं, नुकसानभरपाईसाठी न्यायाचे मार्ग आहेत. खरा निष्काळजीपणा झाला असेल तर तो कागदावर सिद्ध होतो. एकदा हाणामारी झाली की तुमची रास्त तक्रारही मागे पडते.

मुलांना या वाटेवर पाठवणाऱ्या आईबाबांना

लातूर, नांदेड, कोटा इथल्या खोल्यांत हजारो मुलं नीटची तयारी करताहेत. त्यांना तिथे पाठवण्याआधी एकदा शांतपणे विचारा: तुला माणसांच्या दुखण्याशी रोज बोलायला आवडेल का? रक्त, घाण, रडणं यांत उभं राहायची तयारी आहे का? ‘डॉक्टर झालास तर घराण्याचं नाव होईल’ हे आपलं कारण झालं, मुलाचं नाही. एका जागेमागे वीसजण आहेत. नापास झालेलं मूल हुशारीत कमी असतंच असं नाही, आणि तिसरा, चौथा प्रयत्न करायला लावणं हे प्रेम असेलच असंही नाही. औषधनिर्माण, फिजिओथेरपी, नर्सिंग, सार्वजनिक आरोग्य, प्रयोगशाळेतलं संशोधन. रुग्णाच्या उपयोगी पडण्याच्या वाटा पुष्कळ आहेत.

मूल रेसिडेन्सीत गेलं की आईबाबांचं काम संपत नाही. ते फोन उचलत नाही, सणाला येत नाही, बहिणीच्या लग्नात हळद लागेपर्यंत वॉर्डात असतं. त्यावर रुसू नका. ‘अजून किती शिकणार?’, ‘दवाखाना कधी टाकणार?’, ‘स्थळं किती दिवस थांबवायची?’ हे प्रश्न पहिली दोन वर्षं बाजूला ठेवा. विशेषतः मुलींवर लग्नाचा ताण याच वर्षांत येतो. त्याऐवजी विचारा: जेवलीस का? झोप किती झाली? तुझे सर शिकवतात का? कुणी त्रास देतं का?

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटाने 2024 मध्ये पाहणी केली, तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी 15.3 टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांत हे प्रमाण 27.8 टक्के होतं. मुलाचा आवाज बदलला, ‘मला जमत नाही’, ‘सोडून द्यावंसं वाटतं’ असं ते म्हणू लागलं, तर ‘सगळेच सहन करतात’ असं उत्तर देऊ नका. जाऊन भेटा. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि दिवसरात्र चालतो. शाखा बदलावी लागली, वर्ष गेलं, जागा सोडावी लागली, तरी चालेल. तसं ते त्याला तोंडाने सांगा; त्याला ते तुमच्याकडून ऐकायचं असतं.

शिकवणाऱ्यांना

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती आहे. ‘आम्ही छत्तीस तास काढले, यांना काय होतंय’ हे वाक्य आता टाकून देऊया. आमच्या काळीही ते बरोबर नव्हतं. आणि आता उपचार अधिक गुंतागुंतीचे आहेत, यंत्रं आणि औषधं अनेक पटींनी वाढली आहेत. चूक दाखवायची तर रुग्णासमोर आणि नातेवाइकांसमोर अपमान करून दाखवू नका. खोलीत बोलवा, पुन्हा करून घ्या. थिसिसवरची सही हे धाक दाखवायचं साधन नव्हे.

वरिष्ठ निवासी डॉक्टरांनीही स्वतःला विचारावं, की आपण सोसलेलं आपण खाली का ढकलतो? राज्यात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. तरीही 2019 मध्ये मुंबईत आदिवासी समाजातून आलेल्या एका तरुण निवासी डॉक्टरने आत्महत्या केली आणि जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तिच्या वरिष्ठ सहकाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. आरक्षणातून आलेल्या, मराठी माध्यमातून आलेल्या, खेड्यातून आलेल्या मुलाला पहिले काही महिने अधिक हात द्यावा लागतो. तो द्यायला मोठा निधी लागत नाही. राउंडनंतर वीस मिनिटं पुरतात.

नागरिक म्हणून आपण काय मागायचं

9 ऑगस्ट 2024 रोजी कोलकात्याच्या आर.जी. कर रुग्णालयात, लांबलेल्या ड्यूटीनंतर सेमिनार हॉलमध्ये विसाव्याला गेलेल्या पदव्युत्तर डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. देशभर निवासी डॉक्टर रस्त्यावर आले, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन राष्ट्रीय कृतिदल नेमलं. त्या वेळी मेणबत्त्या घेऊन आपणही निघालो होतो. मेणबत्ती विझल्यावर करायचं काम साधं आणि चिकाटीचं आहे: आपल्या जिल्ह्यातल्या रुग्णालयात जाऊन विचारायचं, की रात्रपाळीच्या डॉक्टर मुलींना आतून कडी लागणारी खोली आहे का? स्वच्छतागृह आहे का? वॉर्डापासून वसतिगृहापर्यंतच्या वाटेवर दिवे आहेत का?

ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रात एकाच वेळी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यांत जालना, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली यांचा समावेश आहे. इतकी वर्षं मुंबई-नागपूरकडे डोळे लावून बसलेल्या जिल्ह्यांना याचा आनंद होणं स्वाभाविक आहे. पण इमारत आणि फलक यांवर थांबू नका. प्राध्यापकांची किती पदं मंजूर आहेत आणि किती भरली, खाटा किती, परिचारिका किती, शरीररचनेच्या वर्गात विच्छेदनासाठी देह आहेत का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. ग्रामसभेत, जिल्हा परिषदेच्या सदस्याकडे, आमदाराकडे हेच प्रश्न न्या. शिक्षकांविना निघालेल्या महाविद्यालयातून बाहेर पडणारा डॉक्टर पुढे आपल्याच गावात येणार आहे.

आता पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयांतही काम करावं लागतं. तुमच्या गावाजवळ असे डॉक्टर आले असतील तर त्यांची राहण्याची सोय, मेस, पाणी यांकडे स्थानिक मंडळींनी लक्ष द्यावं. गावाने नीट वागवलं तर त्यांतला एखादा परत येण्याचा विचार करतो. ‘डॉक्टर खेड्यात येत नाहीत’ अशी तक्रार आपण नेहमी करतो. आलेल्याला घर भाड्याने देताना त्याची जात विचारणंही थांबवूया.

आणखी एक मोठं दान आपल्या हातात आहे. डॉक्टर होण्याची सुरुवात शरीररचनेच्या विच्छेदनकक्षात होते, आणि त्यासाठी देह लागतात. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात देहदानाचा अर्ज मिळतो. तो भरा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवा, कारण मृत्यूनंतर निर्णय तेच घेतात आणि देह काही तासांतच पोचवावा लागतो. शवविच्छेदन झालेले किंवा काही संसर्गजन्य आजार असलेले देह स्वीकारले जात नाहीत, हेही त्यांना माहीत असू द्या.

निवासी डॉक्टरांनो, तुम्हालाही

दोन शब्द तुमच्यासाठी. दमल्यावर आवाज चढतो, हे मी जाणतो. पण ‘पेशंट सीरियस आहे’ एवढं बोलून पाठ फिरवू नका. समोरच्या माणसाने बस बदलत रात्र काढलेली असते, त्याची मजुरी बुडालेली असते. खाटेशी दोन मिनिटं थांबून साध्या मराठीत सांगितलं तर पुढचे वाद टळतात आणि तुमचाही ताण कमी होतो. माहीत नसेल तर ‘मी वरिष्ठांना विचारून सांगतो’ म्हणा; त्यात कमीपणा नाही. जेवण चुकवू नका. चूक झाली तर लपवू नका, लगेच वर कळवा. तेवढ्याने जीव वाचतो. आणि तुमच्याखाली नवा जेआर वन येईल, तेव्हा पहिल्या आठवड्यात त्याला कॅन्टीनमध्ये घेऊन जा.

वाचकांनो, या लेखातलं सगळं एकदम करणं जमणार नाही, तशी अपेक्षाही नाही. घरात कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आज संध्याकाळी त्यांचे कागद आणि गोळ्यांची यादी एका पिशवीत लावून ठेवा. या महिन्यात रक्तदान करा. मतं मागायला येणाऱ्या उमेदवाराला विचारा, की जिल्ह्याच्या रुग्णालयात परिचारिकांची आणि डॉक्टरांची किती पदं रिकामी आहेत आणि ती कधीपर्यंत भरणार? आकडा सांगता आला नाही तर माहिती घेऊन परत या म्हणा. आणि पुढच्या वेळी वॉर्डात तरुण डॉक्टर समोर आला, तर त्याचं नाव विचारा, आपलं दुखणं नीट सांगा आणि त्याला त्याचं काम करू द्या.